पहिल्या क्रियापदाकडे बघ

वडगाव, बेळगाव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू धारवाडच्या कॉलेजातून पाठवलेला रेकॉर्ड बुकच्या, म्हणजे प्रयोगवहीच्या, पानाचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला. आकृती नेटकी आहे, निरीक्षणं जागच्या जागी आहेत, निष्कर्ष बरोबर आहे. लाल रेघ फक्त एका वाक्याखाली आहे: 'वी डिड नॉट हीटेड द टेस्ट ट्यूब डायरेक्टली.' शेजारी मॅडमनी प्रश्नचिन्ह काढलंय. काय चुकलं ते लिहिलेलं नाही. आणि फोनवर तू म्हणालीस, 'आई, मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच होणार.' तुझं ते बोलणं मला लागलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. फोनवरही सांगता आलं असतं, पण हा विषय कागदावर समोर असला तरच डोक्यात उतरतो.

आधी माध्यमाचं बोलू. ही चूक मराठी माध्यमाची नाही. तुझ्या वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या वह्या चाळल्यास तर तिथेही हीच सापडेल. इतकंच काय, ज्यांच्या घरी इंग्रजीच बोलतात ती लहान लेकरंसुद्धा बोलायला शिकताना असा दोनदा भूतकाळ लावतात. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ते नोंदवून ठेवलंय. तेव्हा त्या लाल रेघेवरून स्वतःला कमी लेखायचं नाही. चूक का झाली तेवढं समजून घ्यायचं.

आपण म्हणतो, 'आम्ही नळी गरम केली.' नकार करायचा झाला की 'केली' तसंच राहू देतो आणि मागून 'नाही' जोडतो: 'आम्ही नळी गरम केली नाही.' भूतकाळ 'केली'मध्ये होता, तिथेच राहिला. तू इंग्रजीत नेमकं हेच केलंस. 'हीटेड'मधला भूतकाळ तिथेच ठेवलास आणि नकारासाठी 'डिड नॉट' आणलंस. पण 'डिड' येतानाच भूतकाळ घेऊन येतो. तो आला की 'हीटेड'ने आपला भूतकाळ सोडून नुसतं 'हीट' व्हायचं. 'वी डिड नॉट हीट द टेस्ट ट्यूब.' एवढंच.

आता कन्नड आठव. 'माडिदे' म्हणजे केलं. नकार करताना कुणी 'माडिदे इल्ल' म्हणतं का? म्हणतात 'माडलिल्ल'. 'माडिदे'मधली भूतकाळाची खूण गळून पडते, क्रियापद साधं होतं, आणि काळ आणि नकार दोन्ही मिळून शेवटच्या 'लिल्ल'मधून कळतात. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला विचार, ती एका क्षणात सांगेल. म्हणजे इंग्रजीची ही रीत तुला कन्नडमधून आधीपासून येते. शाळेत इतकी वर्षं कन्नड शिकलीस, बाजारात रोज बोललीस, त्यात 'माडिदे इल्ल' असं एकदाही बोलली नसशील. आपल्या भागातल्या मुलांना तीन भाषांचं ओझं होतं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. घरात एक, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा असली की एकीतलं कोडं दुसरीच्या मदतीने सुटतं. फक्त कुणीतरी ते शेजारी शेजारी ठेवून दाखवायला हवं.

तू मराठी व्याकरणात सहायक क्रियापद शिकलीस. 'मुलं खेळू लागली' या वाक्यात 'खेळू' हे धातुसाधित, 'लागली' हे सहायक क्रियापद. मुलगा असेल तर 'लागला', मुलगी असेल तर 'लागली', उद्याची गोष्ट असेल तर 'लागेल'. 'खेळू' मात्र जागचं हलत नाही. 'ती जात होती' यातही तेच: 'जात' स्थिर, बदलतं ते 'होती'. म्हणजे काळ, लिंग, वचन यांचा सगळा भार सहायक क्रियापद उचलतं आणि मूळ क्रियापद नुसता अर्थ सांगतं. इंग्रजीतही अगदी हेच आहे. फरक एकाच गोष्टीचा. मराठीत आणि कन्नडमध्ये भार उचलणारं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते सगळ्यांत आधी येतं. 'ती जात होती' आणि 'शी वॉज गोइंग' ही वाक्यं एकाखाली एक लिहून बघ. 'होती' शेवटी आहे, 'वॉज' कर्त्याला लागूनच आहे.

म्हणून मी माझ्या शिकवणीच्या मुलांना एकच सांगते, आणि तुलाही तेच सांगते: इंग्रजी वाक्यात पहिल्या क्रियापदाकडे बघ. काळ तिथे असतो आणि फक्त तिथेच असतो. मागे आणखी दोन क्रियापदं असोत की तीन, त्यांना काळ नसतो. 'ही डझन्ट गोज' चूक आहे, कारण 'डझ'ने तृतीय पुरुषाचा 'एस' आधीच घेतलाय. 'डिड यू सॉ' चूक आहे, कारण भूतकाळ 'डिड'मध्ये गेलाय. नियम म्हणून पाठ करायला गेलीस तर या वेगवेगळ्या चुका वाटतात. पहिल्या क्रियापदाकडे बघितलंस की ती एकच चूक आहे हे दिसतं.

ही सहायक क्रियापदं मोजकीच आहेत. 'बी', 'हॅव' आणि 'डू' ही तीन मुख्य. त्यांची रूपं बदलतात. 'बी'ची तर आठ रूपं आहेत: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. दुसऱ्या गटात कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट, अशी नऊ. यांना 'एस' लागत नाही, 'आयएनजी' लागत नाही, आणि यांच्यानंतरचं क्रियापद नेहमी साधं असतं, मध्ये 'टू' येत नाही. 'ही कॅन्स' का म्हणत नाहीत असं तू सहावीत विचारलं होतंस. यातली बहुतेक क्रियापदं फार जुन्या काळी मुळात भूतकाळी रूपं होती आणि पुढे वर्तमानाच्या अर्थाने वापरात आली. भूतकाळी रूपाला 'एस' लागत नाही, 'ही वेंट्स' होत नाही, तसंच 'ही कॅन्स'ही झालं नाही. 'कुड'च्या स्पेलिंगमधला न उच्चारायचा 'एल' मात्र नंतर आला. 'वुड' आणि 'शुड' यांच्यात तो 'विल' आणि 'शॅल'कडून हक्काने आलाय. 'कॅन'मध्ये 'एल' नाहीच, पण लिहिणाऱ्यांनी त्या दोघांच्या जोडीला बसवून 'कुड'मध्येही तो घातला. डिक्टेशनला तिथे मुलं अडतात तेव्हा मी ही गोष्ट सांगते, मग ती विसरत नाहीत.

आता तू फोनवर सांगितलेली दुसरी गोष्ट. तिची मला रेकॉर्ड बुकापेक्षा जास्त काळजी आहे. वर्गात शंका येते, पण इंग्रजीत प्रश्न जुळवेपर्यंत सर पुढे गेलेले असतात, आणि तू गप्प बसतेस. हे का होतं, माहितीय? आपल्या भाषांत प्रश्न आहे हे शेवटी ठरवलं तरी चालतं. 'हे द्रावण रात्रभर तसंच ठेवलं' इथपर्यंत बोलून झालं आणि मग वाटलं, तर 'तर चालेल का?' जोडलं की झाला प्रश्न. कन्नडमध्येही 'बरतीरि' म्हणता म्हणता शेवटचा स्वर लांबवला की 'बरतीरा?' होतं. इंग्रजीत ही सवड नाही. तिथे तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं की आपण विचारतोय, कारण पहिलं क्रियापद कर्त्याच्याही पुढे येऊन उभं राहतं. 'द सोल्यूशन इज स्टेबल' हे विधान. 'इज द सोल्यूशन स्टेबल?' हा प्रश्न. तू मनात सगळं वाक्य मराठीत तयार करतेस, शेवटी 'का' येतं, आणि मग ते 'का' उचलून अगदी पुढे न्यायला जातेस. त्यात वेळ जातो. त्यापेक्षा शंका आली की आधी तोंडात पहिलं क्रियापद येऊ दे. 'इज', 'डझ', 'डिड', 'कॅन', 'शुड', यातलं एक. ते एकदा बाहेर पडलं की कर्ता आपोआप सुचतो, कारण तो तर फळ्यावरच लिहिलेला असतो. 'डझ द कलर चेंज?' 'शुड वी फिल्टर इट अगेन?' बाकीचं वाक्य लहान असलं तरी चालेल. लहानच असू दे.

सहायक क्रियापद मुळात असेल तर तेच पुढे येतं. नसेल तर 'डू' बोलवावं लागतं. 'गांधीजी प्रिसायडेड ओव्हर द काँग्रेस सेशन ॲट बेलगाम' या वाक्यात सहायक क्रियापद नाही. प्रश्न करायचा तर 'डिड' आणायचं आणि 'प्रिसायडेड'ला साधं करायचं: 'डिड गांधीजी प्रिसाइड ओव्हर द सेशन?' उत्तर: 'येस, ही डिड, इन 1924.' गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनात, आणि ते आपल्या गावात झालं. धारवाडच्या मैत्रिणींना हे विचारून बघ. तसंच, 'व्हेअर डिड राणी चन्नम्मा फाइट द ब्रिटिश?' 'शी फॉट ॲट कित्तूर, इन 1824.' इथे नीट बघ, प्रश्नात 'फाइट' आहे आणि उत्तरात 'फॉट'. प्रश्नात भूतकाळ 'डिड'ने उचलला होता. उत्तरात 'डिड' गेला, तेव्हा तो परत 'फॉट'वर आला. काळ वाक्यात एकदाच येतो, फक्त त्याची जागा बदलते.

हे 'डू' इंग्रजीतही आधीपासून नव्हतं. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी वाचलंस तर 'ही केम नॉट' किंवा 'केम ही?' अशी वाक्यं भेटतील. म्हणजे आपल्या 'आला नाही'सारखंच, क्रियापद तसंच ठेवून नकार. पंधराव्या-सोळाव्या शतकापासून 'डू'चा वापर वाढत गेला आणि अठराव्या शतकापर्यंत तो पक्का झाला. तुझी चूक होते तिथे इंग्रजीनेच मधल्या काळात आपली चाल बदललेली आहे, एवढं लक्षात ठेव.

उत्तरं देतानाही हीच गंमत. आपल्याकडे 'जेवलीस का?' विचारलं की 'जेवले' म्हणतो, मूळ क्रियापदच परत वापरतो. कन्नडमध्ये 'ऊटा आयता?' विचारलं की 'आयतु'. इंग्रजीत मूळ क्रियापद परत घ्यायची गरज नसते, पहिलं क्रियापद घ्यायचं. 'हॅव यू ईटन?' 'येस, आय हॅव.' 'डिड यू ईट?' 'येस, आय डिड.' 'कॅन यू कम?' 'आय कान्ट.' प्रश्नातलं पहिलं क्रियापद ऐक आणि तेच परत दे, फक्त 'आर यू'ला 'आय ॲम' म्हण, उत्तर चुकणार नाही. तोंडी परीक्षेत याचा फार उपयोग होईल. एकट्या 'येस'पेक्षा 'येस, इट डझ' असं म्हणालीस की समोरच्याला कळतं की या मुलीने प्रश्न नीट ऐकलाय. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या छोट्या प्रश्नांचंही तसंच. आपण 'हो की नाही?' म्हणतो तिथे सगळीकडे 'इजन्ट इट?' लावायची आपल्या देशात सवय पडलीय. बोलताना चालून जातं. लिहिताना मात्र पहिल्या क्रियापदावरून ठरव. 'यू केम येस्टरडे, डिडन्ट यू?' 'शी कॅन स्विम, कान्ट शी?'

आता एकापेक्षा जास्त सहायक क्रियापदं एकत्र येतात तेव्हाचं सांगते. इथे थोडा वेळ दे, कारण प्रयोगाच्या वह्या बहुतेक अशाच वाक्यांनी भरतात. खानापूर रस्त्याचं उदाहरण घे. 'द रोड इज रिपेअर्ड एव्हरी यिअर' म्हणजे दरवर्षी दुरुस्त होतो. 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड' म्हणजे आत्ता काम चालू आहे, खडी पडलीय, रोलर फिरतोय, गाडी दुसऱ्या वाटेने न्या. 'द रोड हॅज बीन रिपेअर्ड' म्हणजे काम झालं, आता जाऊ शकता. 'द रोड शुड हॅव बीन रिपेअर्ड' म्हणजे व्हायला हवा होता, झाला नाही. चारही वाक्यांत 'रिपेअर्ड' जसंच्या तसं आहे. काम चालू आहे, झालंय की राहिलंय, हे सगळं त्याच्या आधीच्या छोट्या शब्दांनी सांगितलं. 'बीइंग' आणि 'बीन' यांत तू गोंधळतेस, आणि त्याने रस्ता बंद असताना चालू झाल्यासारखा अर्थ होतो. तुझ्या वहीत 'द लिक्विड इज बीन हीटेड' असं एक वाक्य आहे. मॅडमच्या नजरेतून ते सुटलेलं दिसतंय. 'इज'च्या मागे 'बीन' कधीच येत नाही. 'हॅज', 'हॅव', 'हॅड' यांच्या मागे 'बीन', आणि 'इज', 'वॉज' यांच्या मागे 'बीइंग'.

क्रम ठरलेला आहे. आधी कॅन-शुड-माइट यांच्यापैकी एक, मग 'हॅव', मग 'बी', आणि शेवटी मूळ क्रियापद. मधलं काही नसलं तरी चालतं, पण क्रम उलटत नाही. आणि प्रत्येक शब्द आपल्या मागून लगेच येणाऱ्या शब्दाचं रूप ठरवतो. कॅन-शुडच्या मागे साधं रूप. 'हॅव'च्या मागे तिसरं रूप, 'ईटन', 'गॉन', 'बीन'. 'बी'च्या मागे दोन शक्यता: कर्ता स्वतः करत असेल तर 'आयएनजी', त्याच्यावर केलं जात असेल तर तिसरं रूप. 'माइट हॅव बीन सेंट' हे आता सुटं करून बघ: 'माइट'मुळे 'हॅव' साधं, 'हॅव'मुळे 'बीन', 'बीन'मुळे 'सेंट'. एकदा हे सुटं करता आलं की कितीही लांब क्रियापद आलं तरी भीती वाटत नाही. आणि 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड' ही रचना इंग्रजीत तशी अलीकडची आहे. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळायला लागली. एकोणिसाव्या शतकात तर कित्येक जाणकार तिला अशुद्ध म्हणत होते. आज तिच्यावाचून बातमीपत्र निघणार नाही.

गावाच्या नावाचंही वाक्य करून बघ. 'द सिटी वॉज कॉल्ड बेलगाम' म्हणजे म्हणत होते, ते संपलं. 'इट हॅज बीन ऑफिशियली कॉल्ड बेळगावी सिन्स 2014' म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत. 'सिन्स' दिसलं की हात आपोआप 'हॅज' किंवा 'हॅव'कडे गेला पाहिजे. 'आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स जून' असं लिहू नकोस, 'आय हॅव बीन स्टेइंग हिअर सिन्स जून' लिही. आपण 'जूनपासून राहते आहे' म्हणतो, त्या 'आहे'ची सवय आडवी येते. 'आय ॲम अग्री'सुद्धा त्याच 'आहे'मुळे होतं, 'मी सहमत आहे' यातून. इंग्रजीत 'अग्री' हेच क्रियापद आहे, त्याला 'ॲम' नको.

धारवाडला आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर पडत असेल. तिकडे सगळं बोलणं 'री'वर तोललेलं असतं. 'हौदरी', 'बर्री', 'हेळरी'. तो 'री' नसेल तर बोलणं उद्धट वाटतं. आपल्याकडे 'तू' की 'तुम्ही' यावरून आदर कळतो. इंग्रजीत मुख्यमंत्र्यांनाही 'यू' आणि मांजरालाही 'यू'. मग आदर दाखवायचा कुठे? तोही सहायक क्रियापदातच. 'रिपीट दॅट' हा हुकूम झाला. 'कॅन यू रिपीट दॅट?' बरोबरीच्या मैत्रिणीला चालेल. मॅडमना 'कुड यू रिपीट दॅट, मॅम?' आणि परवानगी मागायची असेल तर 'मे आय'. 'कुड' हे 'कॅन'चं भूतकाळी रूप असूनही इथे कालची गोष्ट नसते. नवल वाटायला नको, आपणही कुणाच्या दारात उभं राहून 'जरा विचारायचं होतं' म्हणतो. विचारायचं तर आत्ता असतं, तरी 'होतं' म्हणून आपण बोलण्याची धार कमी करतो. मोठ्यांशी कसं बोलायचं हे तुला शिकवावं लागलं नाही. तीच रीत इंग्रजीत 'कुड' आणि 'वुड' यांच्यात घालायची. कॉलेजला अर्ज लिहिताना 'आय वाँट लीव्ह' नको, 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट लीव्ह' असू दे. गरज तीच, पण वाचणाऱ्याचा मान राहतो.

आता प्रयोगशाळेचं, आणि हे मी बजावून सांगतेय. 'यू मस्ट नॉट हीट इट' आणि 'यू डोन्ट हॅव टू हीट इट' ही दोन वाक्यं दिसायला शेजारची आहेत. पहिल्याचा अर्थ, तापवायचं नाही, मनाई आहे. दुसऱ्याचा अर्थ, तापवायची गरज नाही, तापवलंस तरी काही बिघडणार नाही. 'मस्ट' आणि 'हॅव टू' हे होकारात जवळजवळ सारखेच, त्यामुळे नकारातही सारखेच असतील असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. मराठीत 'तापवू नये' आणि 'तापवायची गरज नाही' यात आपण गोंधळत नाही. पण बोलताना दोन्हीकडे 'तापवायला नको' म्हणून जातो, आणि मग इंग्रजी सूचना वाचतानाही तसंच सैल वाचलं जातं. स्पिरिटच्या बाटलीवर, ॲसिडच्या कपाटावर, गॅसच्या नळाशेजारी 'मस्ट नॉट' दिसलं की ते 'करू नये' असंच वाच. 'शुड नॉट' हा सल्ला, 'नीड नॉट' म्हणजे गरज नाही, 'मस्ट नॉट' म्हणजे बंदी. मार्क गेले तर पुढच्या वेळी मिळतील. डोळ्यांचं तसं नाही.

जोडरूपांचं थोडक्यात सांगते. बोलताना 'आय हॅव'चं 'आय'व्ह' होतं, 'ही इज'चं 'ही'ज'. आपण 'काय करायला लागली आहेस'चं 'काय करालीस' करतो, तसंच ते. सरांचं इंग्रजी भराभर जातं असं तुला वाटतं, कारण त्यांची सहायक क्रियापदं अशी गिळली जातात आणि तुझा कान ती पूर्ण ऐकायची वाट बघतो. ''ड' ऐकू आलं तर ते 'हॅड' असेल किंवा 'वुड'. पुढचं क्रियापद ऐक. 'आय'ड गॉन' असेल तर 'हॅड', 'आय'ड गो' असेल तर 'वुड'. ''स' ऐकू आलं आणि पुढे 'आयएनजी' असेल तर 'इज'. 'ही'ज गॉट'सारखं असेल तर 'हॅज'. लिहिताना मात्र रेकॉर्डमध्ये आणि परीक्षेत सगळी रूपं पूर्ण लिही.

सराव कसा करायचा ते सांगते. व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसू नकोस. तुझं रसायनशास्त्राचं पुस्तक घे, कुठलंही एक पान उघड, आणि प्रत्येक वाक्यातलं पहिलं क्रियापद पेन्सिलने अधोरेखित कर. मग ते वाक्य मोठ्याने प्रश्नात बदल, मग नकारात. 'द गॅस इज कलेक्टेड ओव्हर वॉटर.' 'इज द गॅस कलेक्टेड ओव्हर वॉटर?' 'द गॅस इज नॉट कलेक्टेड ओव्हर वॉटर.' जिथे अधोरेखित करायला सहायक क्रियापद सापडत नाही तिथे 'डू' लागणार, हे आपोआप कळेल. माझ्याकडे येणाऱ्या विणकरांच्या पोरांकडून मी हे मागाच्या आवाजात करून घेते. त्यांचा आवाजही मोठा होतो आणि भीडही जाते. खोलीतल्या मैत्रिणीला सोबत घे. तिने कन्नडमध्ये वाक्य सांगायचं, तू इंग्रजीत प्रश्न करायचा, मग उलट. तिलाही हेच अडत असणार.

आणि वर्गात या आठवड्यात एक शंका विचार. एकच. 'कुड यू'ने सुरू कर किंवा 'डझ'ने, मधे अडलीस तर अडलीस, पण पहिला शब्द बाहेर पडू दे. सर थांबतील. शिकवणाऱ्याला प्रश्न ऐकायला आवडतं, हे मी शिकवते म्हणून तुला खात्रीने सांगते.

रविवारी बाबा धारवाडला येणार आहेत. त्यांच्याकडे चटणीची बरणी, दोन किलो शेंगा, तुझा स्वेटर आणि कुंदा देते. कुंदा मैत्रिणीला आधी दे. रेकॉर्ड बुकचं ते पान पुन्हा लिहून बाबांना दाखव, त्यांना सगळं कळणार नाही पण फोटो काढून आणायला सांगितलंय. 'इज बीन हीटेड'वालं वाक्य कुठल्या ओळीत आहे ते मी मुद्दाम सांगत नाही. शोध, आणि वर्गात काय विचारलंस तेही त्याच कागदावर लिहून पाठव.

तुझी,
आई